काटे काढणाऱ्या बायका

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मासळी कारखान्यात ब्रेंडा कॉड माशाचे काटे काढायची. शेजारीच मासे कापणाऱ्या पुरुषांना तिच्यापेक्षा तासाला तीन डॉलर जास्त मिळत. सुरी तीच, गारठाही तोच. तिनं तक्रार केली तेव्हा मॅनेजर म्हणाला, "बाई, हा फरक तुमच्याच युनियननं मान्य केलाय," आणि त्यानं जुना करार तिच्यापुढे सरकवला. खाली युनियनच्या अध्यक्षाची सही होती. अँब्रोज पिकेट. तिचे वडील.

घरी येऊन तिनं करार त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "बाबा, आई मरेपर्यंत याच कामावर होती ना?"

म्हाताऱ्यानं आपल्या सहीवरून बोट फिरवलं. "संपाला दोन महिने झाले होते, पोरी. कंपनी म्हणाली, पुरुषांना वाढवून देतो, बायकांना नाही. आम्ही थकलो होतो. वाटलं, नवरा-बायकोचा पैसा शेवटी एकाच घरात येतो."

"आणि आई काय म्हणाली?"

 

"सभेत कराराच्या बाजूनं सगळ्यांनी हात वर केले, बायकांनीसुद्धा. एकटी तुझी आई मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसली होती."