नव्वदीला येईपर्यंत

गिअरच्या तेलाचं तापमान दाखवणारी सुई एकशे तीसवर गेली तरी बुत्तीनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.

"थांबव," शेजारी बसलेला ओबैदकाका म्हणाला. "गिअरचं तेल करपल्याचा वास येतोय."

"काका, सूर्य बुडायला अर्धा तास राहिलाय!"

बुत्तीची ससाणी, हदबा, दुपारी कबुतरामागं झेपावली ती परतलीच नव्हती. तिच्या पायात चामडी वादी तशीच होती. रात्री ती कुठल्या झुडपात अडकली, तर सकाळी उलटी लटकून मेलेली सापडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोन वर्षं त्यानं तिला हातावर वाढवली होती. "सवतीला जेवताना तरी खाली ठेवा," असं बायको चिडवायची.

हदबाच्या शेपटीला ती कुठं आहे ते कळवणारं रेडिओ-यंत्र बांधलेलं होतं. काका अँटेना फिरवून दिशा सांगत होता. कधी समोर, कधी उजवीकडे, मग एकदम पाठीमागं. बुत्ती गाडी वळवी, मऊ वाळूत ती गुरगुरत चढे, आणि पलीकडच्या टेकडीवर पोचेपर्यंत दिशा पुन्हा बदललेली असे.

एका चढावर गिअर घसरला. इंजिन ओरडलं, पण गाडी जागची हलेना.

"झालं समाधान?" काका कडाडला. "न्यूट्रलला टाक. इंजिन बंद करू नकोस, तेल फिरलं तरच निवेल. सुई नव्वदीला आल्याशिवाय चाक हलवायचं नाही."

"तोवर ती जाईल हो!"

"आणि गिअर जळला तर तू तिच्यामागं चालत जाणार आहेस?"

बुत्ती खाली उतरला. बॉनेट उघडलं, गाडीभोवती फेऱ्या मारल्या, दर फेरीला खिडकीतून सुई बघितली. एकशे पंचवीस. एकशे अठरा. त्यानं चाकाला लाथ घातली. आपल्या हातानं आपण तिला घालवली, असं वाटून त्याला रडू फुटलं.

सुई एकशे दहावर असताना डोक्यावरून सप्पकन वारा कापला गेला. टपाला बांधलेल्या सतरंजीवर हदबा उतरली होती. चोच उघडी, पंख पार लोंबलेले, धाप लागलेली.

काकानं अँटेना खाली ठेवली.

"गाढवा," तो म्हणाला, "ती कधीची आपल्यामागं उडतेय. तिला उतरायला तू थांबतोयस कुठं?"