एकशे चौदा आधी

बैल पाटाच्या पाण्याच्या चारीत आडवा पडला होता. मागचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. उसाने भरलेली गाडी बांधावरून कलंडून त्याच्या शेजारी पडली होती, एक चाक वर. जोडीतला दुसरा बैल सोडवून बाभळीला बांधला होता. पुढ्यात उसाचं हिरवं वाढं टाकलेलं होतं, पण तो खात नव्हता.

ऊसतोडीच्या टोळीतली लंकाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून पडलेल्या बैलाचं तोंड पाण्याबाहेर धरून होती. तिचा नवरा मंचरला जनावरांचा डॉक्टर आणायला गेला होता.

सावळारामांच्या मोपेडवरून सूरज उतरला. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागून त्याला चार महिने झाले होते. सावळाराम तीस वर्षं कारखान्याच्या ऊसतोडणीच्या चिठ्ठ्या वाटत होते.

"ह्या बांधावरून गाडी आणलीच कशाला?" सूरजने विचारलं.

"मंग कुठनं आनायची, साहेब?" लंकाबाई म्हणाली. "गट एकशे बाराची चिठ्ठी आली. मधी एकशे चौदाचा ऊस उभा. त्याच्यावरनं उडवत न्यायची व्हती का?"

सूरजने खिशातून यादी काढली. गट ११२, लागण ४ जुलै २०००. गट ११४, लागण ११ जुलै २०००. ज्याची लागण आधी, त्याची तोडणी आधी. यादीत चूक नव्हती.

ही यादी लावणारा कॉम्प्युटरचा जुना प्रोग्राम सहाशे ओळींचा होता. पहिली नोंद उघड, दुसरी उघड, तारखा ताडून बघ, जुनी असेल ती वर घे, पुढे जा. सूरजने तो काढून टाकला आणि चार ओळी लिहिल्या. त्यांत पायऱ्या नव्हत्याच; यादी कशी असावी, एवढंच होतं. सोमवारी शेतकी ऑफिसात त्याने सगळ्यांना समजावलं होतं, "आता फक्त काय पाहिजे ते सांगायचं. कसं करायचं, ते मशीन बघतं."

सहाशे ओळींत मध्येच एक पायरी होती. एकशे बारा आला की थांब, आधी एकशे चौदा घे. कारण लिहिलेलं नव्हतं. कुणाचा तरी वशिला असणार, असं त्याला वाटलं होतं.

"मामा, ते एकशे चौदाचं तुम्ही सांगितलं होतं?"

"हां. तुमच्या आधीच्या साहेबाला."

"का, ते नाही सांगितलं?"

"त्यानं इचारलं न्हाई. मी म्हनलं, आधी हे, मंग ते. त्यानं घातलं." सावळाराम बांधाच्या खचलेल्या कडेकडे बघत होते. "चौदाचा तुटला, की त्याच्या रानातनं सपाट वाट व्हती. बाराची गाडी तिथनं निगती."

"मग सोमवारी बोलायचं ना!"

"तुमी म्हनला, कसं ते मशीन बघतं."

सूरजने यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "अजून एक अट टाकतो. वाट असेल तरच."

"टाका की. वाट हाय का न्हाई, ते कुठल्या रजिस्टरात लिव्हलंय?"

बैलाने मान झटकली. लंकाबाईचा पाय घसरला, पण तिने तोंड सोडलं नाही.

"साहेब, ह्यो उठंल का?" ती म्हणाली. "बैलाबिगर गाडी न्हाई, न् गाडीबिगर आमाला टोळीत कोन ठिवनार? तुमी शिकलेलं. काय करायचं, सांगा."

काय पाहिजे ते सूरजला एका दमात सांगता आलं असतं. बैल उभा, गाडी रस्त्यावर, दिवस मावळायच्या आत ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर.

त्याने बूट काढले, पँट वर दुमडली आणि चारीत उतरला. पाणी गार होतं. बैलाला कुठे धरायचं ते त्याला कळेना. दोन्ही हात पुढे करून तो तसाच उभा राहिला.