तीन तासांवरचा मुलगा

दुबईचा ग्लेन प्रत्येक सणाला फुशारकी मारायचा, ‘विमानानं तीन तास. नाशिकहून घरी यायला याहून जास्त वेळ लागतो.’ त्याच्या ‘येतो’वर विसंबून बापाची शवपेटी दोन दिवस थांबली. आज नंदाखाल गावच्या सिमेटरीत ती खड्ड्यात उतरली, तेव्हा बहीण सबिना त्याला फोनवर व्हिडिओ कॉल करून दाखवत होती. ‘बाय, रजाच मिळाली नाही गं,’ ग्लेन हुंदके देत म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मागं घोषणा झाली, बाकूच्या प्रवाशांनी विमानात बसावं. ‘एअरपोर्टवर काय करतोस?’ ग्लेनचे हुंदके थांबले. ‘मित्रांबरोबर फिरायला चाललोय. तिकीट आधीच काढलेलं. बाकू काय, तीन तासांवर तर आहे.’ सबिनाला त्याच्या आवाजाचीच शिसारी आली. ‘पप्पाही तेवढ्यावरच होते, मेल्या.’ ‘बरं, माझ्या नावानं मूठभर माती टाक,’ तो घाईघाईनं म्हणाला. सबिनानं मूठ भरली, फोन जमिनीवर उताणा ठेवला आणि त्याच्या तोंडावर सावकाश माती सोडली.