वेळेवर आलेला पेशंट

"हळू टोच की. बैलाला टोचतीस का काय?" खाटेवरचा म्हातारा पुष्पा सिस्टरवर खेकसला.

पुष्पाने सलाईनची सुई चिकटपट्टीने पक्की केली. जुन्नर तालुक्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात, तातडीच्या वॉर्डात, तिची उमेदीची वर्षं सरली होती. पिऊन आलेले, टाके घालताना चावणारे, पेशंट एक आणि कालवा करायला अख्खी आळी, असे सगळे तिने पाहिले होते. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही, असं ती नव्या पोरींना सांगायची. हा म्हातारा मात्र सगळ्यांच्या वरताण निघाला.

सकाळी वैरण काढताना त्याच्या हाताला नाग चावला होता. मुलाने त्याला तसाच जीपमध्ये घालून आणला. नाव राघू, गाव अवसरी, एवढंच मुलाने सांगितलं. अवसरीहून मंचर जवळ पडलं असतं, असं पुष्पा म्हणाली, तर तो म्हणाला, हितलं औषध नावाजलेलं हाय. तिला ते ऐकून बरं वाटलं. सरकारी नोकरीत कौतुक कुठं मिळतं?

म्हाताऱ्याची कुरकुर काही थांबेना. डॉक्टर म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोर, पंखा नुसता ओरडतो, गादीला वास मारतो. खाट कोपऱ्यातलीच हवी, वर आडवा पडदाही हवा. चार लोकांनी तोंड पाहिलेलं त्याला खपत नव्हतं. नवी नवरीसुद्धा एवढी लाजत नाही, असं मनात म्हणत पुष्पाने पडदा ओढला. चावलेला हात स्पिरिटने पुसताना त्याच्या नखांत बसलेली राख काही निघेना. असेल कुठं भट्टीवर कामाला, असं वाटून तिने नाद सोडला.

इतकं ऐकून घेऊनही तिला त्याचा राग येत नव्हता. हा माणूस वेळेवर आला होता, आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

साप चावला की इकडची माणसं आधी पलीकडच्या टेकडीवर देवरुष्याकडे जात. तो कडुलिंबाचा पाला चावायला देई, अंगारा लावी, विष उतरलं म्हणून सांगे. मग माणसाची मान पडली की दवाखान्याची आठवण व्हायची. पुष्पा ओरडून ओरडून थकली होती. पालथ्या घड्यावर पाणी.

तिच्या स्वतःच्या घरातही तेच झालं होतं. तीन वर्षांमागे तिचा नवरा दादाभाऊ रानात होता, तेव्हा त्याला साप चावला. ती इथं ड्युटीवर, हाकेच्या अंतरावर, आणि सासूने त्याला टेकडीवर नेलं. तिच्यापर्यंत तो पोचला तेव्हा नाडी लागत नव्हती. कपाटात औषध होतं. त्या देवरुष्याचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, पाहायचंही नव्हतं. त्याचं नाव निघालं तरी ती उठून जायची.

म्हणून लंकाबाई आया हळूच अंगाऱ्याची पुडी घेऊन पडद्याआड गेली तेव्हा पुष्पा तिच्यावर डाफरणारच होती. पण तिच्याआधी म्हातारा बोलला.

"ठेव तिकडं. राख लावून कुटं इख उतरतं व्हय?"

पुष्पा दारातच थांबली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने पेशंटच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिचे डोळे भरून आले. एवढी अक्कल दादाभाऊच्या वेळी घरात एकालाही सुचली असती तर. तिने म्हाताऱ्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला. तो पाणचट आहे म्हणाला. ती हसली.

दुपारी म्हाताऱ्याच्या पापण्या पुन्हा जड व्हायला लागल्या. कपाटात औषधाच्या थोड्याच कुप्या उरल्या होत्या. पुण्याहून नव्या यायला संध्याकाळ होणार होती. डॉक्टर घुटमळले. अजून थोडं थांबून बघू, म्हणाले. मध्येच कुणी आलं तर हाताशी काही असावं.

"द्या, सर," पुष्पा म्हणाली. "जे येतील ते टेकडीवरनं येतील, मेल्यावर. हा शहाण्यासारखा आलाय. याला तरी वाचवू."

डॉक्टरांनी मान हलवली. पुष्पाने एकेक कुपी फोडली आणि रिकाम्या कुप्या ट्रेमध्ये ठेवल्या. तासाभरात म्हाताऱ्याच्या पापण्या उघडल्या. बाई, पंखा वाढीव, असं तो म्हणाला तेव्हा तिला आपल्याच घरचं माणूस वाचल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाहेर टेंपो थांबला. चार माणसांनी एका तरण्या गड्याला उचलून आत आणलं. त्याच्या ओठांना पाल्याचा हिरवा चोथा चिकटला होता आणि मान खांद्यावर लोंबत होती. मागून त्याची बायको अनवाणी धावत आली. पुष्पाने कपाटाकडे पाहिलं, मग ट्रेकडे.

"कधी चावला?" तिने विचारलं.

"सकाळी, उजाडताना," बायको म्हणाली.

"आणि आत्ता आणताय?" पुष्पाचा आवाज चढला. "कुठं बसला होतात इतका वेळ?"

गड्याला मोकळ्या खाटेवर ठेवताना एकाचा धक्का लागून कोपऱ्यातला पडदा बाजूला सरकला. म्हाताऱ्याने झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. पण बाईने त्याला पाहिलं होतं. ती त्याच्या खाटेपाशी गेली आणि तिने हात जोडले.

"म्हाराज, तुमी हितं? आमीच पाला चारून सकाळधरनं टेकडीवर तुमचीच वाट बघत बसलो व्हतो."