ट्रायलचा खड्डा

"काका, आज शेवटचं हं. काय चालवायचं ते चालवून घ्या," शेठ म्हणाले आणि त्यांनी फाटकाच्या किल्ल्या खिशात टाकल्या.

जुन्या मशीनचं ते यार्ड बंद होणार होतं. उद्यापासून सगळ्या जागेवर काँक्रीट पडणार, वर गोदाम उभं राहणार. टिपर, रोलर, लोडर विकले गेले होते. मागे उरलं होतं एक म्हातारं पोकलेन, आणि तेही संध्याकाळी ट्रेलरवर चढायचं होतं.

हौशीकाकांचा चेहरा पडला. बाकीची माणसं सुट्टीच्या दिवशी झोपा काढतात, नाहीतर बायकोची बोलणी खातात. हा गडी आपलं पंक्चरचं दुकान बंद करून इथे यायचा. विकत एक नटबोल्टसुद्धा कधी घेतला नाही. घेणार कशातून? पण टिपरखाली वाकून चासी बघायचा, बकेटचे दात चाचपायचा आणि इंजिन सुरू झालं की गाणं ऐकावं तसा डोळे मिटून उभा राहायचा. हौशीकाका हे नाव शेठनीच पाडलेलं.

यार्डाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की मागच्या मोकळ्या जागेत मशीनने एक खड्डा खणून दाखवायचा आणि पुन्हा बुजवायचा. त्याला ट्रायल म्हणत. काका गिऱ्हाईक नव्हते, तरी ट्रायल मागायचे. शेठ आधी वैतागले, मग हसू लागले, शेवटी त्यांना सवयच झाली. डिझेल काका स्वतःचं आणायचे, मग आपलं काय जातंय? त्यात काकांची खोड अशी की खड्डा दर वेळी नव्या जागी हवा. बकेट भरली की खाली उतरून ते माती हातात घेऊन कुस्करायचे.

"मशीन बघताय की मळा लावताय?" असं शेठ त्यांना चिडवायचे. काका कसनुसं हसायचे आणि खड्डा नीट बुजवून घरी जायचे.

लिव्हर धरायला त्यांना यार्डातल्या फिटरने शिकवलं. फिटर अबोल, पण काकांना जीव लावायचा. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काकांचा एकुलता एक मुलगा याच यार्डात ऑपरेटर होता. दीड-दोन वर्षांपूर्वी तो सकाळी कामावर आला आणि संध्याकाळी घरी पोहोचलाच नाही. शेठ त्या दिवशी बाहेरगावी होते. जास्त पगार देऊन कुणीतरी पळवला असेल, असं ते म्हणाले. या धंद्यात ते रोजचंच. पोलीस म्हणाले, मोठा मुलगा आहे, येईल परत. यार्डात काढून ठेवलेला त्याचा शर्ट आणि चपला दुसऱ्या दिवशी फिटरनेच घरी नेऊन दिल्या आणि दारातच त्याला रडू फुटलं. मुलाच्या आईनेच उठून त्याला पाणी दिलं.

ती माउली अजून दाराला आतून कडी लावत नव्हती. एकदा काय ते कळू दे, मग मी झोपेन, एवढंच म्हणायची. आणि बापाला हे मशीनचं वेड लागलं. लागणारच बिचाऱ्याला. ज्या सीटवर मुलगा बसायचा, तिथे बसून जरा बरं वाटत असेल. फिटरच्या शिकवणीची परतफेड म्हणून काका त्याचे फाटके गमबूट फुकट जोडून द्यायचे. गोल कोपऱ्यांचं ठिगळ, त्यावर आणखी एक छोटं. बूट झिजून जाईल पण ठिगळ सुटणार नाही, असा काकांचा हात.

आज काका केबिनमध्ये चढले. पोकलेन खोकत सुरू झालं. फिटरने हात करून त्यांना फाटकाजवळची जागा दाखवली. काकांनी मशीन उलटं वळवलं आणि गाड्या धुवायच्या रॅम्पकडे नेलं.

फिटर धावत आला. तिथे खालून विजेची केबल गेलीय, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना, असं तो ओरडून सांगू लागला.

"वीज कालच तोडली ना शेठनी?" काका म्हणाले.

फिटरने फाटकाकडे पाहिलं, पण शेठ ट्रेलरवाल्याला फोन लावत रस्त्यावर गेले होते. बाकी सगळं यार्ड काकांचं खणून झालं होतं. एवढाच तुकडा राहिला होता.

बकेट खाली गेली. वरची खडी निघाली, मग काळी ओली माती. काका हळूहळू खणत होते, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसे. तिसऱ्यांदा बकेट वर आली तेव्हा ते इंजिन चालूच ठेवून खाली उतरले आणि त्यांनी मातीत हात घातला.

गमबूट होता. त्यांनी तो पँटला पुसला. टाचेवर गोल कोपऱ्यांचं ठिगळ होतं, त्यावर आणखी एक छोटं. मुलासाठी स्वतःच लावलेल्या त्या ठिगळावरून काकांनी अंगठा फिरवला.

फिटर खड्ड्याच्या काठाशी येऊन बोलू लागला. त्या दिवशी टिपरचा हौदा वर उचललेला होता, मुलगा खाली ग्रीस भरत होता आणि आपल्याकडून टेकू लावायचा राहून गेला, हौदा खाली आला, हे त्याने तुटक तुटक सांगितलं. नोकरीच्या, तुरुंगाच्या भीतीने त्याला इथे पुरून बसलो, म्हणाला. मग त्याने विचारलं, "काका, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू चपला आणून दिल्यास तेव्हापासून. घर सोडून जाणारा माणूस गमबूट घालून जात नाही रे."

बूट काखेत धरून काका पुन्हा केबिनमध्ये चढले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. पहिल्या दिवसापासून तो आवाज त्यांना सहन होत नव्हता.