कुत्र्याचे डोळे

हणमंतरावांनी बारीक छिन्नी पुढे केली, तेव्हा भिवाजीला आधी काही उमगलंच नाही.

"घे की. याचे डोळे तूच उघड."

ही छिन्नी भिवाजीने बावीस वर्षांत कधी हातात घेतली नव्हती. अंबरपेठेतल्या या कारखान्यातले मारुती, गणपती, विठोबा सगळे घडवले त्याने, पण डोळ्यांपर्यंतच. तो पडला महारवाड्यातला. डोळे तेवढे राहिले की त्याने अंगणात जाऊन उभं राहायचं. मग हणमंतराव मंत्र पुटपुटत तांब्याभर पाणी ओतून मूर्ती शुद्ध करायचे आणि डोळे स्वतः उघडायचे. मूर्तीची पहिली नजर त्यांच्यावर पडायची. हाताला घट्टे पडले त्याचं भिवाजीला काही नव्हतं. पण आपण घडवलेल्याने एकदा तरी आधी आपल्याकडे पाहावं, एवढी एक हौस उरली होती.

आणि आता वेळच उरला नव्हता. चार दिवसांनी हैदराबाद स्टेट मोडून भाषेप्रमाणे वाटलं जाणार होतं. हणमंतराव कारखाना विकून नांदेडला निघाले होते. शेवटचं काम हेच. एका जहागीरदाराने रोमहून संगमरवरी कुत्र्यांची जोडी आणली होती, तिथल्या प्राचीन मूर्तींवरून घडवलेली. त्यातलं एक गड्यांच्या हातून पडून फुटलं, म्हणून दुसऱ्यावरून तसंच नवं हवं होतं. बसलेलं, मान वळवलेलं, जबडा अर्धा उघडा. भिवाजी दोन महिने त्याच्यामागे लागला होता.

"मालक, खरंच म्हंता का?"

"अरे, हा काय देव आहे? आणि राज्यं बदलायलीत, तूही पंधरा दिवसांमागं नागपूरला जाऊन बुद्धाचा झालास. पुराना जमाना गेला, भिवाजी."

भिवाजीला भरून आलं. बावीस वर्षं मनात धरून ठेवलेलं सगळं त्याने त्या एका वाक्यावर सोडून दिलं.

ओल्या फडक्याने त्याने कुत्रं नाकापासून शेपटीपर्यंत पुसलं. धुळीचा कण ठेवला नाही. मग नेमका त्याच्या नजरेसमोर मांडी घालून बसला. छिन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला. एक बुबुळ झालं, दुसरं झालं. त्याने हलकेच फुंकर मारली.

कुत्रं त्याच्याकडे पाहत होतं. दारात राखणीला बसलेलं जनावर धन्याकडे पाहतं तसं. भिवाजी हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं.

"वा! माझ्याच्यानं हे झालं नसतं," हणमंतराव म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. किती तरी वेळ ते त्या डोळ्यांकडे पाहत राहिले.

मग ते कोपऱ्यातल्या रांजणाकडे गेले, तांब्या भरून आणला, आणि ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटत कुत्र्यावर पाणी ओतलं.