हलका हात

शिरपूरच्या प्रयोगशाळेत दीपमालाने आईला सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. "ही यीस्टची आईपेशी, ही तिला चिकटलेली लेक. आई कितीदा विते, त्यावरून तिचं वय कळतं. ते कोणत्या जनुकामुळे वाढतं, ते मी शोधते." बोलता बोलता तिने केसासारख्या बारीक सुईने लेक अलगद मोकळी केली.

मागे इतर विद्यार्थ्यांसोबत उभे असलेले सर म्हणाले, "काय हलका हात! कुठे शिकलीस?"

आईने, मंजुळाबाईंनी, पदर सावरला. आई काय करते विचारलं की 'शेती' सांगायचं, हे दीपमालाच्या शाळेपासून ठरलेलं. 'सुईणीची पोर' म्हणून फार चिडवायचे ना तिला!

दीपमाला मात्र सगळ्यांदेखत घरच्या अहिराणीत म्हणाली, "घरमाच, सर. मन्ही माय सुईन शे."